समवयस्कांचे दडपण : विद्यार्थी-संशोधनातील संज्ञा

किशोरवयीन व्यक्तीने आपल्या बरोबरीच्या सोबत्यांच्या अपेक्षेप्रमाणे वागावे, बोलावे, पोशाख करावा अथवा मत बनवावे, यासाठी त्या सोबत्यांकडून उघडपणे वा आडवळणाने येणारा आणि त्या व्यक्तीस जाणवणारा रेटा म्हणजे समवयस्कांचे दडपण होय. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य इ. विषयांच्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हा विषय वारंवार आढळतो. विषय सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे त्यातील संज्ञांचा अर्थ गृहीत धरण्याकडे कल असतो. तथापि ‘किशोर’, ‘समवयस्क’, ‘दडपण’ व ‘प्रभाव’ या शब्दांच्या मर्यादा आरंभीच निश्चित केल्या नाहीत, तर प्रश्नावलीतून नेमके काय मोजले गेले, हे सांगता येत नाही. अशा अभ्यासांचे निष्कर्ष शाळा व पालक यांच्यापर्यंत पोहोचतात आणि त्यांवरून एखाद्या मुलाची मैत्री तोडण्याचे, त्याची तुकडी बदलण्याचे किंवा एखाद्या वस्तीतील मुलांना ‘वाईट संगत’ ठरविण्याचे निर्णय होऊ शकतात. यास्तव संज्ञांची व्याख्या हा संशोधन-अहवालातील केवळ उपचाराचा भाग राहत नाही.

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत २००९ साली समाविष्ट झालेले ताथवडे हे गाव या दृष्टीने उदाहरणादाखल विचारात घेता येईल. वाकड, पुनावळे व हिंजवडी यांच्या सान्निध्यात आणि मुंबई-बंगळूरु महामार्गालगत असलेल्या या गावात अभियांत्रिकी, व्यवस्थापन इ. शाखांची महाविद्यालये आहेत. मूळ गावठाणातील शेतकरी कुटुंबे, पिंपरी, चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत काम करणारी कुटुंबे आणि हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्योगामुळे अन्य जिल्ह्यांतून व राज्यांतून आलेली कुटुंबे यांची मुले या परिसरात वाढतात. अशा ठिकाणी ‘किशोरांवर समवयस्कांचे दडपण किती?’ हा साधा वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात अनेक प्रश्नांचा समूह ठरतो.

व्याख्येचे प्रकार : संशोधनात संज्ञेची व्याख्या सामान्यतः दोन पातळ्यांवर करतात. संज्ञेमागील कल्पना कोणती व ती तिच्या निकटच्या कल्पनांहून कोठे वेगळी होते, हे संकल्पनात्मक व्याख्येत सांगितले जाते. ती कल्पना प्रस्तुत अभ्यासात कोणत्या कृतीने ओळखली वा मोजली जाईल, हे कार्यकारी व्याख्येत नमूद केले जाते. दुसऱ्या प्रकारच्या व्याख्येमागील विचार अमेरिकन भौतिकीविज्ञ पर्सी ब्रिजमन (१८८२–१९६१) यांनी १९२७ मध्ये मांडला. एखाद्या संकल्पनेचा अर्थ ती मोजण्यासाठी केल्या जाणाऱ्या क्रियांतच सामावलेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा विचार पुढे मानसशास्त्राने स्वीकारला. शब्दकोशातील अर्थ या दोन्ही व्याख्यांची जागा घेऊ शकत नाही. कोशातील अर्थ शब्दाचा रूढ वापर सांगतो. कोणते उत्तर कोणत्या रकान्यात घालावयाचे, हे तो सांगत नाही.

किशोर : वयाची मर्यादा ही सर्वांत सोपी व्याख्या वाटते; परंतु तीबाबतही एकवाक्यता नाही. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या काळास किशोरावस्था मानते. भारत सरकारने जानेवारी २०१४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही हीच मर्यादा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या वयोगटातील व्यक्तींची संख्या भारतात २५ कोटींहून अधिक होती. कायद्यांतील मर्यादा मात्र हेतूनुसार बदलतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने १५ वर्षे पूर्ण झालेल्या व १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस किशोर ठरविले होते. बालमजुरीविषयक १९८६ च्या अधिनियमात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने १४ ते १८ वर्षांच्या व्यक्तीस किशोर म्हटले आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे १८ वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक होय. इंग्रजीतील ‘टीनएजर’ हा शब्द तेरा ते एकोणीस या अंकांच्या इंग्रजी नावांच्या समान अंत्य पदावरून आलेला असल्याने त्याची मर्यादा भाषेने ठरविली आहे, शरीरविज्ञानाने नव्हे. मराठीत कुमारावस्था, किशोरावस्था व पौगंडावस्था हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थी वापरले जातात. संस्कृत परंपरेतील एका गणनेनुसार मात्र पौगंड ही दहाव्या वर्षापर्यंतची आणि कैशोर ही पंधराव्या वर्षापर्यंतची अवस्था आहे.

यांपैकी कोणतीही मर्यादा स्वीकारता येते. मात्र ती का स्वीकारली, हे सांगावे लागते. निव्वळ इयत्तेवरून वय गृहीत धरणे धोक्याचे असते. कारण स्थलांतरामुळे शाळा बदललेली वा एखादे वर्ष वाया गेलेली मुले वर्गातील इतरांपेक्षा वयाने मोठी असू शकतात. विस्तृत वयोगट एकत्र घेतल्यासही फरक झाकले जातात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉमस बर्न्ट यांच्या १९७९ मधील अभ्यासात समाजविघातक कृत्यांबाबत समवयस्कांच्या मागे जाण्याची प्रवृत्ती नववी इयत्तेच्या सुमारास सर्वाधिक आढळली. लॉरेन्स स्टाइनबर्ग व कॅथरीन मोनाहन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार समवयस्कांच्या प्रभावास विरोध करण्याची क्षमता १४ ते १८ या वर्षांत क्रमाने वाढते. म्हणजेच १३ वर्षांचा व १८ वर्षांचा विद्यार्थी एकाच सरासरीत बसविल्यास ती सरासरी दोघांपैकी कोणाचेच वर्णन करीत नाही.

समवयस्क : इंग्रजीतील मूळ शब्दाचा अर्थ ‘समान दर्जाचा’ असा आहे, तर मराठी पर्यायात वयाच्या समानतेवर भर आहे. हा फरक संशोधनात महत्त्वाचा ठरतो. एकाच वयाची दोन मुले दर्जाने समान असतीलच असे नाही आणि दर्जाने बरोबरीची मानली जाणारी मुले एकाच वयाची असतीलच असेही नाही. ताथवड्यातील एखाद्या विद्यार्थ्याचे वर्गमित्र, राहत्या गृहसंकुलातील खेळगडी, गावठाणातील भाऊबंद, गणेशोत्सव मंडळातील कार्यकर्ते, खासगी शिकवणीतील सोबती आणि भ्रमणध्वनीवरील संदेशगटातील परिचित हे सहा निरनिराळे गट असू शकतात. मंडळातील मुले त्याच्याहून चारपाच वर्षांनी मोठी असण्याचा संभव असतो. एका गटात परीक्षेतील गुणांची चढाओढ असेल, तर दुसऱ्यात वाहन चालविण्याच्या धाडसाची. दोन्ही गटांचे अपेक्षित वर्तन परस्परविरोधी असले, तर ‘मित्र काय म्हणतात याची तुला काळजी वाटते का?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्या गटाविषयी आहे, हे कळण्यास मार्ग राहत नाही.

यासाठी समवयस्कांचे किमान तीन स्तर वेगळे करतात : निकटचा मित्र वा मैत्रीण, नेहमी एकत्र वावरणारा लहान कंपू, आणि ‘अभ्यासू’, ‘खेळाडू’, ‘टपोरी’ अशा लौकिकाने ओळखला जाणारा मोठा समुदाय. पहिल्या दोन स्तरांची निश्चिती जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये विशद केलेल्या समाजमितीच्या पद्धतीने करता येते. तीत प्रत्येक विद्यार्थी आपल्या पसंतीच्या सोबत्यांचा निर्देश करतो व त्यावरून परस्परसंबंधांचा आलेख तयार होतो. इयत्ता दहावीनंतर विद्यार्थी निरनिराळ्या कनिष्ठ महाविद्यालयांत विखुरले जात असल्याने अकरावीतील विद्यार्थ्याच्या बाबतीत जुना गट अभिप्रेत आहे की नवा, हेही व्याख्येत स्पष्ट करावे लागते.

दडपण, प्रभाव व भीड : दडपण ही प्रभावाची एक जात आहे, सर्व प्रभाव हे दडपण नव्हे. दडपणात पुढील तीन घटक अपेक्षित असतात : (१) विशिष्ट वर्तनाची अपेक्षा, (२) ती पूर्ण न केल्यास थट्टा, अबोला, गटातून वगळणे अशा परिणामांची शक्यता, आणि (३) स्वतःचा कल व गटाची अपेक्षा यांत जाणवणारी तफावत. तिसरा घटक नसेल, तर त्यास दडपण म्हणणे कठीण होते. मित्र पोहावयास जातो म्हणून आपणही जावेसे वाटणे हा प्रभाव होय. पाण्याची भीती वाटत असता ‘घाबरट’ म्हणतील म्हणून उडी घेणे हे दडपण होय.

प्रभावाला शब्दांची आवश्यकता असतेच असे नाही. स्टाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ ते १८ वर्षांच्या किशोरांनी वाहन चालविण्याचा संगणकीय खेळ एकटे असताना आणि शेजारच्या खोलीतून मित्र पाहत असताना खेळला. मित्र पाहत आहेत एवढ्या जाणिवेनेही त्यांनी अधिक जोखीम घेतली. प्रौढांच्या वर्तनात तसा फरक पडला नाही. येथे कोणी आग्रह केला नव्हता की धमकी दिली नव्हती. अशा वर्तनास ‘दडपण’ म्हणावे की ‘सान्निध्याचा परिणाम’, हे अभ्यासकाने घेतलेल्या व्याख्येवर अवलंबून राहते.

मराठीत या अनुभवाच्या छटांसाठी स्वतंत्र शब्द आहेत. ‘दबाव’ या शब्दात बाहेरून केलेली उघड सक्ती सूचित होते. ‘दडपण’ हा मनावर जाणवणारा भार होय. ‘भीड’ म्हणजे समोरच्याविषयीच्या संकोचामुळे नकार देता न येणे. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण तिचे नुकसानकारक स्वरूप दाखविते. ‘आग्रह’ हा बहुधा आपुलकीचा समजला जातो. ‘संगत’ या शब्दात दीर्घ सहवासाने नकळत घडणारा बदल अभिप्रेत आहे. परिणामी ‘तुमच्यावर मित्रांचा दबाव येतो का?’ या प्रश्नास ‘नाही’ असे उत्तर देणारा विद्यार्थी ‘मित्रांच्या भिडेखातर मनाविरुद्ध काही केले आहे का?’ या प्रश्नास ‘होय’ म्हणू शकतो. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असतात. बदललेली असते ती संज्ञा. इंग्रजी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर करून मराठी माध्यमातील मुलांना ती दिल्यास ही अडचण विशेष जाणवते. भाषांतरित प्रश्न दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत करवून घेऊन ताडून पाहणे आणि मोजक्या विद्यार्थ्यांवर पूर्वचाचणी घेणे हे यावरील रूढ उपाय होत.

दडपणाची दिशाही व्याख्येत येणे अगत्याचे असते. ते नेहमी अनिष्टाकडेच नेते, हा समज निराधार आहे. डॉना क्लासेन व ब्रॅडफर्ड ब्राउन यांनी १९८५ मध्ये दडपणाची पाच क्षेत्रे वेगळी केली : सोबत्यांमध्ये मिसळणे, शालेय कार्यात सहभाग, कुटुंबातील सहभाग, गटाच्या रीतींचे पालन आणि गैरवर्तन. त्यांच्या अभ्यासात सोबत्यांमध्ये मिसळण्याविषयीचे दडपण विशेष तीव्र आढळले. गैरवर्तनाविषयीचे दडपण मात्र तितके एकमुखी नव्हते. केवळ धूम्रपान, मद्यपान व तासांना दांडी यांविषयीच प्रश्न विचारणारी प्रश्नावली उत्तर येण्यापूर्वीच दडपण वाईट ठरवून मोकळी होते.

अनुसारिता : गटाच्या मताशी वा वर्तनाशी स्वतःचे मत वा वर्तन जुळवून घेणे म्हणजे अनुसारिता होय. दडपण हे कारण असून अनुसारिता हा त्याचा संभाव्य परिणाम आहे. दोहोंसाठी एकच मापन वापरणे ही विद्यार्थी-प्रकल्पांत संभवणारी चूक होय. अनुसारितेविषयीचे सर्वज्ञात प्रयोग सॉलोमन ॲश (१९०७–९६) यांनी १९५१ नंतरच्या काही वर्षांत केले. रेषांची लांबी ओळखण्याच्या सोप्या कामात आधीच संगनमत केलेल्या सर्वांनी चुकीचे उत्तर दिले असता प्रयोगाधीन व्यक्तींची सुमारे एकतृतीयांश उत्तरे त्या चुकीच्या बहुमताकडे झुकली. तथापि सुमारे एकचतुर्थांश व्यक्ती एकदाही झुकल्या नाहीत आणि एखादा जरी सहकारी खरे उत्तर देऊ लागला, तर अनुसारितेचे प्रमाण पुष्कळच घटले. हे प्रयोग महाविद्यालयीन तरुणांवर व अपरिचितांच्या गटात झालेले असल्यामुळे शाळकरी मित्रांच्या गटास ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

मॉर्टन डॉइच व हॅरल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये प्रभावाचे दोन प्रकार सांगितले : गटाची पसंती मिळावी म्हणून स्वीकारलेला मानकात्मक प्रभाव आणि गटास अधिक माहिती आहे असे समजून स्वीकारलेला माहितीपर प्रभाव. शहरात नव्याने आलेला विद्यार्थी कोणत्या शिकवणीस जावे हे वर्गमित्रांवरून ठरवितो, तेव्हा तो बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो. हर्बर्ट केल्मन यांनी १९५८ मध्ये वरकरणी अनुपालन, तादात्म्य व अंतःस्वीकार असे तीन टप्पे वेगळे केले. गट दूर होताच जे वर्तन थांबते ते अनुपालन. गट दूर झाल्यावरही जे स्वतःच्या मूल्यांचा भाग म्हणून टिकते ते अंतःस्वीकृत होय. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून हा भेद उघड होत नाही.

निवड व संगतीचा परिणाम : तंबाखू सेवन करणाऱ्या विद्यार्थ्याचे मित्रही तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले, की त्यावरून मित्रांनी त्याला व्यसन लावले असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात यास किमान तीन स्पष्टीकरणे संभवतात : मित्रांमुळे सवय लागली असेल, आधीच सवय असलेल्यांनी परस्परांची मैत्री निवडली असेल, किंवा घरातील वापर व दुकानातील सुलभ उपलब्धता यांसारखे तिसरेच कारण सर्वांना समान असेल. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण पहिले स्पष्टीकरण तेवढे सांगते. बैलास आपला शेजारी निवडता येत नाही, किशोरास मात्र पुष्कळदा येतो. डेनिस कँडेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातील विद्यार्थ्यांच्या मैत्रीच्या जोड्यांची शालेय वर्षाच्या आरंभी व अखेरीस पाहणी केली. मित्रांमधील साम्यात निवड व परस्परप्रभाव या दोहोंचा वाटा जवळजवळ सारखा असल्याचे तीत दिसून आले. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून हे दोन वाटे वेगळे करता येत नाहीत. म्हणून अशा पाहणीच्या अहवालात ‘समवयस्कांमुळे’ या शब्दाऐवजी ‘समवयस्कांच्या वर्तनाशी संबंधित’ असा शब्दप्रयोग करणे उचित ठरते.

निकटच्या संज्ञा : दमदाटी, छळ व रॅगिंग यांत बळाची विषमता असते, समवयस्कांच्या दडपणात ती असेलच असे नाही. रॅगिंग ही तर कायद्याने व्याख्या केलेली बाब असून महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध अधिनियम आहे व त्याखाली शिक्षेची तरतूद आहे. वरिष्ठ विद्यार्थ्यांनी नवागतास दिलेला त्रास ‘दडपण’ या शीर्षकाखाली नोंदविल्यास एका अपराधास सामान्य सामाजिक प्रक्रियेचे रूप येते. उलटपक्षी मित्रांची किरकोळ थट्टा छळ म्हणून गणल्यास सामान्य प्रक्रियेस अपराधाचे रूप येते. पालकांच्या अपेक्षांचे वा परीक्षेचे दडपण हेही समवयस्कांच्या दडपणाहून वेगळे मोजावे लागते. परंतु गुणांच्या तुलनेत ही तिन्ही एकत्र येऊ शकतात.

कार्यकारी व्याख्येचे उदाहरण : ताथवडे परिसरातील शाळांचा एखादा अभ्यास आखताना पुढीलप्रमाणे व्याख्या करता येतील. ‘किशोर’ म्हणजे निवडलेल्या शाळांतील इयत्ता ९ वी व १० वीत शिकणारा आणि पाहणीच्या दिवशी १४ वर्षे पूर्ण झालेला, परंतु १७ वर्षे पूर्ण न झालेला विद्यार्थी. ‘समवयस्क’ म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निर्देशिलेले, ज्यांच्याशी तो शाळेत वा शाळेबाहेर आठवड्यातून किमान तीन दिवस वेळ घालवितो असे, वयात दोन वर्षांपेक्षा अधिक अंतर नसलेले जास्तीत जास्त पाच सोबती. ‘दडपण’ म्हणजे मागील तीन महिन्यांत या सोबत्यांची अपेक्षा स्वतःच्या इच्छेविरुद्ध असल्याचे आणि ती नाकारल्यास संबंध बिघडतील असे वाटल्याचे विद्यार्थ्याने नोंदविलेले प्रसंग. ‘अनुसारिता’ म्हणजे अशा प्रसंगांपैकी ज्यांत विद्यार्थी सोबत्यांच्या अपेक्षेप्रमाणे वागला त्यांचे प्रमाण. या व्याख्यांनुसार गणेशोत्सव मंडळातील वयाने बरेच मोठे सोबती अभ्यासाबाहेर राहतात. ही उणीव नव्हे, परंतु ती मर्यादा म्हणून अहवालात नमूद व्हावयास हवी. तद्वतच येथे मोजले जाते ते विद्यार्थ्यास जाणवलेले दडपण; सोबत्यांनी प्रत्यक्षात काय केले, याविषयी ही व्याख्या काही सांगत नाही.

व्याख्या व जबाबदारी : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८ वर्षांखालील व्यक्तींवरील संशोधनास पालकांची संमती आवश्यक असून १२ ते १८ वर्षांच्या मुलांची स्वतःची लेखी अनुमतीही घ्यावी लागते. शिक्षकांच्या देखत भरलेली प्रश्नावली किंवा शेजारच्या बाकावरील मित्रास दिसेल अशी उत्तरपत्रिका ही स्वतःच दडपणाचे निमित्त होते व ज्याचे मापन करावयाचे तेच मापनात मिसळते. सोबत्यांचा निर्देश घेताना नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरणे आणि वस्ती, जात वा भाषा यांवरून गट ओळखता येणार नाही अशा रीतीने निष्कर्ष मांडणे इष्ट असते. व्याख्या नेमकी असल्यास अभ्यासाचा निष्कर्ष लहान राहतो. पण ‘या वयाच्या, या शाळांतील मुलांना अशा प्रकारच्या प्रसंगांत नकार देणे कठीण गेले’ एवढे तो खात्रीने सांगू शकतो. नकार कसा द्यावा हे शिकविणे, वर्गात खरे बोलणाऱ्या एखाद्याला तरी पाठबळ मिळेल असे वातावरण ठेवणे यांसारखे उपाय अशा मर्यादित निष्कर्षावरूनच योजता येतात. ‘वाईट संगत’ या ढोबळ शब्दावरून योजलेला उपाय बहुधा एखाद्या मुलाला एकटे पाडण्यापलीकडे जात नाही.